म्होरक्याचा ढोल

१

सोलापूरच्या माणसाला सणाची भूक जरा जास्तच. संक्रांतीला सिद्धेश्वराची जत्रा, म्हणजे गड्डा, भरला की ती उघडते आणि मग वर्षभर भागत नाही. गड्ड्यातले पाळणे उतरतात न उतरतात तोच होळी, मग मोहरमचे पंजे, नारळी पौर्णिमेला विणकरांचा रथ, लगेच गणपती आणि गणपती बुडतो न बुडतो तोच दसरा. तेलुगू बोलणारा विणकर पंजांपुढं नारळ ठेवतो, कानडी बोलणारा वाणी रथाच्या दोरीला हात लावतो आणि दखनी बोलणारा शिंपी गणपतीच्या मखराला झालर शिवून देतो. एरवी या मंडळींना एकमेकांचं निम्मं बोलणं कळत नाही, पण वाद्य वाजलं की सगळे एका रस्त्याला लागतात.

सत्तावीस सालची ही गोष्ट. शुक्रवार पेठेतल्या एका बोळात गुंडा धनगर राहायचा. सांगोल्याकडच्या माळावर मेंढरांत वाढलेला हा गडी आठ वर्षांपूर्वी गिरणीत लागला, तो तिथलाच झाला. घरात बायको केराबाई आणि सहा वर्षांची मुलगी गोजा. रविवारी गिरणीला सुट्टी असली की गुंडा खुंटीवरचा ढोल काढायचा. त्याच्याच मुलखातले, त्याच्यासारखेच गिरणीत लागलेले दहा-बारा गडी जमायचे आणि बोळाच्या तोंडाशी गजीचा नाच रंगायचा. मध्ये ढोल, भोवती घोळदार अंगरखे घातलेले, हातात रुमाल घेतलेले गडी. सहा दिवस यंत्रापुढं वाकलेली ती माणसं रविवारी ताठ दिसायची.

त्या वर्षी भर गड्ड्यात गुंडाचा ढोल फाटला. हजार माणसं बघत होती. टिपरू कातड्यातून आरपार गेलं आणि ‘फस्स’ असा आवाज आला. लेझीमवाल्यांतलं कुणीतरी म्हणालं, "धनगराचं मेंढरू मेलं जणू." सगळे हसले. केराबाई गर्दीत होती, तिच्या शेजारच्या बायकाही हसल्या. ते हसणं गुंडाच्या मनातून काही जाईना.

माघात तो गावी गेला, तेव्हा त्याचा थोरला भाऊ धुळाप्पा खड्डा खणत होता. त्याचा म्होरक्या मेला होता. म्होरक्या म्हणजे मेंढरांच्या खांडाच्या पुढं चालणारा एडका, गळ्यात घुंगूर असलेला. तो जिकडं जाईल तिकडं बाकीची मेंढरं खाली मान घालून जातात. मागच्या आश्विनात ओढ्याला पूर आलेला असताना हा म्होरक्या पाण्यात उतरला. मागनं खांड उतरलं. म्होरक्या पोहत पलीकडं निघाला आणि काठावर उभा राहून ओरडत राहिला. अलीकडं राहिलेली मेंढरं धुळाप्पानं काठीनं अडवून धरली होती, तीही त्या ओरडण्याला पाण्यात गेली. साठातलं एक वाचलं नाही.

गुंडानं मेलेल्या एडक्याच्या पाठीवरून हात फिरवला. कातडं जाड होतं, एकसारखं होतं. त्याचे डोळे चमकले.

"दादा, ह्येचं कातडं मला दे. ढोलाला लागतंय."

"म्होरक्याचं कातडं काढत न्हाईत," धुळाप्पा म्हणाला.

"का?"

"न्हाईत काढत."

"कारण तर असंल की काय तरी."

धुळाप्पानं खोरं टेकवलं. "आपल्या बानं काढलं न्हाय, त्येच्या बानं काढलं न्हाय. मला तेवढं बास हाय. तुजं तू बघ." आणि तो पाठ करून उभा राहिला.

गिरणीत राहून गुंडाला प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायची सवय लागली होती. कारण नाही म्हणजे अडचण नाही, असा त्याचा हिशेब. त्यानं कमरेची सुरी काढली. परतताना म्हातारी आई, म्हाळसाबाई, त्याच्याबरोबर सोलापूरला आली, कारण राखायला मेंढरंच उरली नव्हती. बोचक्यात काय आहे ते तिला माहीत नव्हतं.

२

ढोल मढवणारा बसप्पा अक्कलकोटकडचा, बोलता बोलता कानडीत शिरणारा. त्यानं कातडं पाण्यात भिजवलं, पसरलं आणि मानेकडच्या भागावर बोट ठेवलं. तिथं वर्षानुवर्षं घुंगराचा पट्टा घासून केस गेले होते.

"ह्यो म्होरक्या काय रे?"

"व्हय."

"ब्याडप्पा, नको," बसप्पा म्हणाला. मग दारात उभ्या असलेल्या गुंडाचा चेहरा बघून त्यानं मान हलवली. "मढवून देतो. पन माज्या दुकानात वाजवायचा न्हाय. घरी नेऊन वाजीव."

जेठातल्या एका रविवारी, दुपारी, ढोल बोळात आला. सगळे गडी पटके बांधून तयार होते. गुंडानं ढोल गळ्यात अडकवला, डोळे मिटले आणि पहिलं टिपरू टाकलं.

असा आवाज त्यानं आयुष्यात काढला नव्हता. तो कानाला लागायच्या आधी पोटात लागला. बोळाच्या भिंतींनी तो धरून ठेवला आणि मग सोडला. गुंडाला आनंदानं रडू यायच्या बेतात होतं. त्यानं डोळे न उघडता सबंध चाल वाजवली, पुन्हा वाजवली, आणि शेवटचं टिपरू टाकून डोळे उघडले.

सगळे त्याच्याजवळ उभे होते. म्हणजे अगदी जवळ, हात लांब केला तर लागतील इतके. नाचणारे गडी नाचत नव्हते. समोरच्या घरातली विणकराची बाई सुताची कांडी हातात घेऊन आली होती आणि त्या कांडीचं सूत तिच्या दारापासून इथवर जमिनीवर लोळत आलं होतं. कुणी बोलत नव्हतं.

मग एकदम सगळे बोलायला लागले. काय आवाज, काय ढोल, गड्ड्यातल्या त्या लेझीमवाल्यांना बोलवा आता. विणकराच्या बाईनं हातातल्या कांडीकडं पाहिलं, जिभेनं ‘च’ केलं आणि सूत गुंडाळत गुंडाळत ती घरी गेली. केराबाई हसत म्हणाली, "अवं, तव्यावरची भाकर करपली की. मी कवा बाहीर आले मलाच ठावं न्हाय."

चांगलं वाद्य माणसाला ओढतंच, गुंडानं मनाशी म्हटलं. नाहीतर चांगलं कशाला म्हणायचं?

घरात शिरताना त्याला म्हाळसाबाई दिसली. तिनं दाराची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि तिची बोटं पांढरी पडली होती.

"ह्यो ढोल कशाचा रं?" तिनं विचारलं.

"बोकडाचा, आये."

 बराच वेळ तिनं चौकट सोडली नाही.

३

मोहरम त्या साली आषाढात आला. बोळातला लाडलेसाब शिंपी घराण्याच्या मानाचा पंजा धरायचा आणि त्याच्यापुढं वाजवायला दरवर्षी हिंदू वाजंत्री असायचे. या वर्षी तो स्वतः गुंडाच्या दारात आला. "तू चल भाई. तेरे ढोल के बिना मज्जा नै आता."

दहाव्या दिवशी दुपारी रस्ते फुलून गेले होते. ऊद, गुलाबपाणी, सरबताच्या घागरी, रंगीत कागदांचे ताबूत, माड्यांवर बायका. गुंडा पंजापुढं चालत वाजवत होता आणि त्याच्या अंगात बारा रेड्यांचं बळ आलं होतं. सुरुवातीला पुढंमागं आणखी ढोल होते, ताशे होते, हलग्या होत्या. मग ते एकेक करून थांबत गेले. त्यांनी हार मानली, असं गुंडाला वाटलं आणि त्यानं आणखी जोर लावला.

चौकात आल्यावर घाम पुसायला तो थांबला. मागचे थांबले. गुंडानं पदरासारखा खांद्यावर टाकलेला रुमाल काढला, तोंड पुसलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की काहीच ऐकू येत नाही. एवढ्या माणसांत कुणी खोकतही नव्हतं.

तो वळला.

माणसं माना खाली घालून उभी होती. एकाचं डोकं पुढच्याच्या काखेखाली, त्याचं त्याच्या पुढच्याच्या बरगडीला टेकलेलं, अशी सबंध चौकभर. दुपारच्या उन्हात माळावर मेंढरं अशी उभी राहतात, एकमेकांच्या पोटाखाली डोकं घालून. गुंडानं लहानपणापासून हजार वेळा पाहिलं होतं. माणसांना मात्र त्यानं तसं कधी पाहिलं नव्हतं.

दोन श्वास गेले असतील. कुठंतरी सरबतवाल्याची घागर पडून फुटली आणि सगळ्यांच्या माना वर आल्या. गलका सुरू झाला. लाडलेसाबनं त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याचे डोळे भरून आले होते. "क्या बजाया रे! इत्ता लंबा रस्ता कब कट्या, मालूमच नै पड्या."

घरी जाताना गुंडानं स्वतःची समजूत घातली. दाटी होती, ऊन होतं, माणसं दमली होती. बोळाच्या तोंडाशी आल्यावर त्यानं सहज वर पाहिलं. आभाळ सकाळपासून भरलेलं होतं, ऊन दिवसभर पडलंच नव्हतं.

४

श्रावणात हिंदुराव आला. गिरणीतला जॉबर, म्हणजे मुकादम, आणि पेठेच्या गणपतीचा कारभारी, बोलण्याचालण्यात मोठा भारदस्त माणूस. तो गुंडाच्या उंबऱ्यावर बसला, चहा प्याला आणि म्हणाला, "गुंडाप्पा, यंदा पालखीच्या म्होरं तुमचा ढोल. लेझीमवाले मागं."

 केराबाईनं डोळ्यांना पदर लावला. आजवर गजीवाले मिरवणुकीच्या शेपटाला असायचे, धूळ खायला. त्या दिवसापासून ती दहा-बारा अंगरखे शिवायला बसली. गडी गिरणीत काम करतानाही पायानं ठेका धरायचे. गुंडाला झोप येत नव्हती, आणि ती भीतीनं नाही, निव्वळ आनंदानं.

पालखी कुठं टेकवायची, ढोल कुठं थांबवायचा हे ठरवायला हिंदुराव त्याला एका संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्यावर घेऊन गेला. घाटाच्या पहिल्या पायरीवर उभं राहून गुंडानं तीन टिपरी टाकली. पाण्यापलीकडच्या किल्ल्याच्या भिंतीवर आपटून आवाज परत आला.

"बघ, तिकडनं बी वाजतंय," हिंदुराव खूश होऊन म्हणाला.

गुंडा कान देऊन ऐकत होता. एक, दोन, तीन. आणि जरा थांबून, चार.

मोजायला चुकलो असेन, तो मनाशी म्हणाला. एवढ्या उत्साहात कुणाचं मोजणं नीट होतं?

पण घरात एक गोष्ट घडायला लागली होती. दुपार झाली की गोजा खेळ सोडून यायची आणि म्हाळसाबाईच्या काखेखाली डोकं घालून उभी राहायची. बसायची नाही, झोपायची नाही. घटकाभर तशीच उभी, आणि मग पुन्हा खेळायला पळायची. तिसऱ्या दिवशी म्हातारीनं गुंडाला खाली बसवलं.

"खरं सांग. कशाचा ढोल हाय?"

गुंडानं सांगितलं. तिनं शिव्या दिल्या नाहीत. त्याची त्यानं तयारी ठेवली होती. ती फक्त म्हणाली, "मोडून टाक."

"का, आये? व्हईल काय? माणसं ढोलामागं येत्यात, ती काय मेंढरं हायती व्हय?"

"मला इचारू नगंस. मोड."

"अनंत चतुर्दशीपतूर थांब. एवढी एक मिरवणूक. केरानं अंगरखं शिवल्यात, गडी येडं झाल्यात, आपल्याला पयल्यांदा कुणी म्होरं बोलावलंय. मग तू म्हणशील तितं पुरून येतो. तुजी आण."

म्हातारीनं त्याच्याकडं पाहिलं, मग तिच्या काखेत डोकं घालून उभ्या असलेल्या नातीकडं. "पोरीला नेऊ नगंस," ती म्हणाली.

"न्हाय नेणार," गुंडा म्हणाला.

५

अनंत चतुर्दशीला दुपारी दोन वाजता पेठेतून पालखी उठली. असा दिवस पुन्हा उगवायचा नाही असं गुंडाला वाटत होतं. गुलालानं रस्ता लाल झाला होता. नवे अंगरखे घातलेले गडी, मागं पालखी, पालखीशी हिंदुराव, मागं लेझीम, त्यामागं अख्खी पेठ. विणकरांच्या बायका, लाडलेसाब आणि त्याचे भाऊ, दुकानं बंद करून आलेले वाणी. गड्ड्यात हसलेली माणसंही होती, ती आता गुंडाकडं बघून हात उंचावत होती. गोजा आजीजवळ घरी होती. गुंडानं पहिलं टिपरू टाकलं.

पेठेच्या बाहेर पडेपर्यंत मोरयाचा गजर कानात दणाणत होता. पुढच्या वळणावर तो जरा कमी झाला. दमली असतील, गुंडाला वाटलं. त्यापुढच्या वळणावर झांज थांबली. मग लेझीम थांबली. गुंडा मात्र रंगात होता, हात आपोआप चालत होते, पाय आपोआप पडत होते. दोन्ही बाजूंच्या माड्यांवरून माणसं खाली बघत होती आणि जिन्यांवरून उतरून येत होती. एक न्हावी गिऱ्हाईकाची दाढी अर्धी टाकून बाहेर आला, मागनं ते गिऱ्हाईकही आलं, तोंडाला साबण तसाच.

शहर आपल्या मागं येतंय. गुंडाची छाती फुगली. साऱ्या सोलापुरात असा मान कुणाला मिळाला नव्हता.

तळ्याकडच्या उतारावर त्याच्या कानांना आणखी एक गोष्ट जाणवली. मागून फक्त पावलांचा आवाज येत होता. शेकडो पावलं, हलकी, जवळजवळ पडणारी, धुळीत बुडणारी. माणसं चालतात तेव्हा असा आवाज येत नाही. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. आठ वर्षांपूर्वीपर्यंत तो रोज या आवाजाच्या पुढं चालला होता.

मान वळवू नये असं त्याला फार वाटलं. त्यानं वळवली.

सगळ्यांच्या माना खाली होत्या. हिंदुरावाची, लाडलेसाबची, पालखी खांद्यावर घेतलेल्यांची. केराबाईची. आणि केराबाईच्या लुगड्याला धरून, हिरवा परकर घातलेली गोजा चालत होती. ती कधी आली, घरातून कशी सुटली, कुणास ठाऊक. दारातली म्हातारी दोन्ही हातांनी किती धरून ठेवणार?

६

घाटाच्या पहिल्या पायरीवर गुंडा थांबला. ठरल्याप्रमाणेच थांबला. त्यानं टिपरू खाली केलं आणि ढोलाच्या कातड्यावर तळवा दाबून धरला. मागची पावलं थांबली. त्यानं हुश्श केलं. चौकात झालं तसंच आता होईल, घटकाभरात सगळे माना वर करतील, हसतील.

पाण्यापलीकडून ढोल वाजत होता.

किल्ल्याच्या भिंतीवरून येणारा त्याचाच आवाज, त्याचीच चाल. तो आता विरेल, मग विरेल म्हणून गुंडा ऐकत राहिला. त्याच्या तळव्याखाली कातडं गप्प होतं. पलीकडचा ढोल विरला नाही. तो शांतपणे, न थकता वाजत होता.

पहिल्यांदा पालखीवाले त्याच्या बाजूनं पुढं गेले. यात वावगं काही नव्हतं, गणपती घेऊन पाण्यात उतरायचंच असतं. ते घोट्यापर्यंत गेले, गुडघ्यापर्यंत गेले. मग हिंदुराव गेला, धोतर न खोचता. मग लेझीमवाले. मग म्हाताऱ्या बायका, लुगडी न उचलता, पायरी न बघता. तोंडाला साबण लावलेला तो माणूसही गेला. कुणी घाई करत नव्हतं, कुणी कुणाला ढकलत नव्हतं. केराबाई त्याच्या खांद्याला घासून गेली आणि तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

गुंडानं गोजाचा दंड पकडला. तिचे डोळे उघडे होते आणि पलीकडच्या काठाला लागलेले होते. ती हिसके देत नव्हती, रडत नव्हती, नुसती पुढं झुकून राहिली होती. त्यानं कमरेची सुरी काढली आणि ढोल उभा फाडला. पलीकडच्या आवाजात तसूभर फरक पडला नाही.

तेव्हा त्यानं पलीकडं पाहिलं. भिंतीच्या पायथ्याशी, जिथं कुणी जात नाही, तिथं मान उंच करून काहीतरी उभं होतं. एवढंच. त्यानं पुन्हा तिकडं पाहिलं नाही.

गुंडाच्या तोंडून त्या वेळी जे निघालं ते त्यानं ठरवून काढलं नाही. त्याच्या बापाची हाक होती ती. जीभ टाळ्याला लावून लांबवलेला ‘र्र्र्र’ आणि शेवटी पोटातून सोडलेला ‘हाऽऽ’. भटकलेलं खांड त्या हाकेला वळायचं. शहरात ती मारायची कधी वेळ आली नव्हती. पहिल्यांदा घसा फाटला, नुसती हवा आली. दुसऱ्यांदा हाक निघाली.

पाण्यातल्या माना वळल्या. सगळ्या एकदम, एकाच बाजूला.

गुंडा उलट्या पावलांनी मागं सरकत गेला, गोजाला ओढत, हाक मारत. कमरेपर्यंत भिजलेली माणसं पाण्यातून निघून त्याच्या मागं आली. छातीपर्यंत गेलेली आली. रस्त्यावर येईपर्यंत त्याचा घसा रक्ताळला होता. तो थांबला नाही. देवळात सांजेची घंटा झाली आणि पलीकडचा आवाज बंद पडला, तेव्हा कुठं कुणीतरी शिंकलं. मग कुणी हसलं. मग मोरयाचा असा गजर झाला की झाडांवरचे पक्षी उडाले.

असं विसर्जन उभ्या सोलापुरात झालं नव्हतं, सगळे म्हणाले. ओली लुगडी पिळत बायका हसत होत्या. पालखी रिकामी होती. गणपती कुणी सोडला, कधी सोडला, हे कुणाला सांगता येईना, आणि तेवढ्या आनंदात कुणी विचारलंही नाही.

म्हाळसाबाई दारात बसली होती. तिच्या मनगटांवर ओरखडे होते. मेंढरं वाड्यावर परत आली की ती आयुष्यभर जे विचारत आली, तेच तिनं विचारलं. "समदी आली?"

रस्ताभर गुंडानं बोळातली माणसं मनात मोजली होती, दोनदा. "आली, आये. समदी आली."

म्हातारीनं गोजाच्या तोंडाकडं पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग ती उठून आत गेली.

७

दुसऱ्याच आठवड्यात गुंडानं फाटका ढोल गावी नेला. धुळाप्पानं काही न विचारता खड्डा खणला, म्होरक्याशेजारीच. दोघा भावांनी माती लोटली, वर दगड रचले. झालं ते झालं, संपलं, असं गुंडानं घरी येऊन केराबाईला सांगितलं. काय झालं होतं ते तिला माहीत नव्हतं, तरी तिनं मान हलवली.

पुढच्या श्रावणात हिंदुराव पेढे घेऊन आला. साल उलटलं तरी त्याच्या बोलण्यातला उत्साह ओसरला नव्हता. गुंडाच्या त्याच उंबऱ्यावर तो बसला. बोळात विणकरांच्या बायका सूत भरत होत्या, लाडलेसाब यंत्रावर कापड सरकवत होता, दोन पोरं गोट्या खेळत होती.

"गुंडाप्पा, लोक इचारत्यात. यंदा बी तुमीच म्होरं. नवा ढोल मढवा, मंडळ देतंय."

"यंदा न्हाय, दादा."

"आरं, असं कसं? येड लागलंय लोकास्नी. अजून म्हणत्यात, काय ती मिरवणूक." त्यानं घरात डोकावून पाहिलं. दुपारची वेळ होती. गोजा भिंतीशी, खुंटीला लटकवलेल्या घोंगड्याखाली डोकं घालून उभी होती. "ती बघा पोरगी. गोजा, ये बाळ, पेढा घे."

गोजा हलली नाही.

"गोजा," हिंदुरावानं पुन्हा हाक मारली. "लाजती व्हय? गोजा, ये की."

"ऐकत न्हाय ती," केराबाई चुलीपासून म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "सालभर झालं, नावानं हाक मारली तर ऐकत न्हाय."

हिंदुराव हसत गुंडाकडं वळला. "मग बोलवता कसं तिला?"

ते गुंडा कुणापुढं करायचा नाही. पण पोरगी सकाळपासून उपाशी होती, आणि पेढा तिला फार आवडायचा, निदान पूर्वी आवडायचा. त्यानं दाराकडं पाठ केली, तोंडाशी हात धरला आणि अगदी हळू, फक्त घरातल्या घरात ऐकू जाईल अशी, जीभ टाळ्याला लावून बापाची ती हाक काढली.

घोंगड्याखालून गोजाचं डोकं बाहेर आलं. ती वळली आणि त्याच्याकडं चालत आली.

गुंडाच्या पाठीमागं शिवणयंत्र थांबलं. गोट्यांचा आवाज थांबला. हिंदुरावाच्या हातातला पेढ्यांचा पुडा उंबऱ्यावर पडला आणि त्याचं डोकं गुंडाच्या काखेखाली येऊन टेकलं. मग बोळातून पावलं यायला लागली, हलकी, जवळजवळ पडणारी, घराकडं.

गुंडानं गोजाला उचलून घेतलं आणि तोंड घट्ट मिटलं.